फुटला तेवढाच पाईप बदल म्हणे!

मंडळी, आज डोकं फिरलं माझं. काल इंझोरीजवळच्या माळावर फ्लाइंग स्कूलचं छोटं विमान अचानक उतरवावं लागलं. इंजिनात ऑइलचा रबरी पाईप फुटला होता. विमान चालवाले शिकणारी पोरगी थोडक्यात वाचली.

मी त्यांची मेकॅनिक, कारंजाचीच. आज जाऊन पाह्यलं तं बाकीचे पाईपही जुने, कडक झालेले. एक जरासा वाकवला, तं चिरा दिसल्या.

स्कूलच्या साहेबाले फोन केला.

"फुटला तेवढाच बदल. बाकीचे कुठं गळताहेत?"

"आता नाही गळून राह्यले, सर. गळतीन तवा पोरगी आभाळात असन."

खूप भांडल्यावर साहेब सगळे नवे पाईप पाठवाले तयार झाले. वरून म्हणे, "फार भांडखोर आहेस तू!"

सांगा बरं, कोणाचा जीव वाचवाले भांडाच काहून लागते?