हेडमास्तरांच्या उठाबशा

आमच्या घराण्याला कशाचाही गर्व करता येतो. आजोबा सत्तरीनंतर बाजेवरून उठले नाहीत, थोरले काकाही उठले नाहीत, आणि हे पाहुण्यांना सांगताना काकांच्या मुलाचा चेहरा असा खुलतो, जणू वतनच मिळालं आहे. "रक्तातच हाय आमच्या," तो म्हणतो. माझ्या बाबांच्या मांड्या सुकायला लागल्या तेव्हा तो अजिबात घाबरला नाही. बाज तेवढी नवीन विणून आणली.

मी सासरी हट्ट्याला असते. आई गेल्यावर माहेरी, आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला, बाबांकडे आले ती आठ दिवसांसाठी. पाहते तर संडासातून उठताना त्यांना नळ धरावा लागत होता. नळ हातात आला तर पुढे काय, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी त्यांना जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. रक्तात ड जीवनसत्त्व अगदीच कमी निघालं.

चुलतभाऊ हसला. "इतक्या उन्हात? काका, तुमी काय तळघरात राहून राहिले का?" त्याच्या स्वतःच्या बापाने सारा जन्म उन्हात नांगर धरला आणि तरी पाय गेले, हे त्या शहाण्याला आठवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, काहींच्या अंगात हे जीवनसत्त्व कमीच टिकतं आणि ते आईबापांकडून येतं. म्हातारपणी मांस कुणाचं किती उतरेल, त्यातही वारशाचा हात असतो. "पण सगळं रक्तावर ढकलू नका. औषध घ्या, डाळ-अंडी खा, उन्हात बसा, आणि हात न टेकता खुर्चीवरून रोज दहादा उठा-बसा."

म्हणजे उठाबशा! बाबा गावच्या शाळेचे हेडमास्तर. निम्म्या गावाला त्यांनी कान धरून उठाबशा काढायला लावलेलं. आणि मी, ऊन आणि व्यायाम एकदमच उरकावा म्हणून, खुर्ची मांडली ओट्यावर, ऐन रस्त्याकडे तोंड करून. सेनगावची जीप धरायला सगळं गाव तिथूनच जातं.

"मी न्हाई काढणार," बाबा म्हणाले.

"काहून?"

"लोक जाऊन राहिले."

"लोकायला तुमच्या मांड्यांशिवाय दुसरं काम न्हाई का?"

आठ दिवसांसाठी आलेली मी तिथेच राहिले, आणि तिथून माझं तोंड जे सुटलं ते तीन महिने. बाबा गोळ्या घ्यायचे, अंडं डोळे मिटून गिळायचे, ओट्यावर पेपर वाचत बसायचे आणि उठायचे ते माझ्या खांद्याला धरून. मी बहिणीला फोनवर, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "म्हाताऱ्याला पाय नकोत, इज्जत पाह्यजे." मला स्वतःच्या या वाक्याचं फार कौतुक होतं.

एका सकाळी ते संडासात बसले ते उठेचनात. हाकही मारली नाही. मीच बऱ्याच वेळाने दार ढकललं. काखेत हात घालून उचलताना कळलं, त्यांना वजनच राहिलं नव्हतं. मला भयंकर भीती वाटली आणि त्या भीतीपोटी मी पुन्हा ओरडलेच.

हातपाय धुऊन ते भिंतीला धरून उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुर्ची आत घे. पुढलं दार लाव. काढतो मी."

मी दार लावलं. ते बसले, पुढे वाकले, जरासे उचलले आणि परत खुर्चीत आदळले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा गुडघे लटलट कापत ते सरळ उभे राहिले.

"पहिल्या दोन मोजू नको," ते म्हणाले. "ही एक."

ओट्यापासून दार दोन पावलांवर आहे. तीन महिन्यांत मला ते लावायचं सुचलं नव्हतं.