अळीचा वाटा

मंठ्यातल्या माझ्या बियाण्याच्या दुकानात एक म्हातारे शेतकरी दर जूनमध्ये यायचे. कपाशीची थैली घेतली की आधी आतली लहान पुडी चाचपायचे. थैलीतलं वाण अळीला मारणारं, झाडातच जहर असलेलं. पुडीतलं बी साधं, शेताच्या कडेनं लावायचं. बाकीचे लोक ती पुडी माझ्या पायरीवरच फेकून जात. हे वाकून वाकून त्या पुड्या उचलत आणि टोपीत भरत.

"काका, अळीला कशाला पोसता?" मी एकदा हसून विचारलं.

"तिचा वाटा तिला देऊन राह्यलो. थोड्या साध्या अळ्या जगल्या, तर त्यायचं अन् जहर पचवणाऱ्यायचं लगन लागंल, पोरं कच्चीच निघतील, जहरानं मरतील. समद्या रानात जहरच ठेवलं, तर पचवणारीचंच खानदान वाढंल. मंग?"

'मंग' म्हणून ते थांबले, खरंच उत्तराची वाट पाहू लागले. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

काही वर्षांनी, दिवाळीच्या सुमारास, ते आले. काउंटरवर थैलीतल्या वाणाचं हिरवं बोंड ठेवलं आणि अंगठ्याच्या नखानं फोडलं. आत गुलाबी अळी निवांत खात होती. त्यांच्या शेताच्या कडेला साधी कपाशी होती. भोवतालच्या शिवारात कुणाच्याच नव्हती.

मला वाटलं, आता ओरडतील.

"शिकली," एवढंच म्हणाले, आणि बोंड माझ्याकडे सरकवून निघून गेले.

त्यांच्या रानाला लागूनच माझं रान आहे. ती पुडी मीही कधी लावली नव्हती, आणि हे त्यांना पहिल्या वर्षापासून दिसत होतं.