उचलून न पाहिलेली गाडी

नाशिकात लांबच्या प्रवासाला मोटारसायकल घ्यायची म्हटली की माणसं शोरूमच्या आधी उपेंद्र गायधनीकडे जात. सातपूरच्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात होता. समोर आलेला नग पास की नापास, एवढंच सांगण्यात त्याच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती आणि रविवारी तो गाड्यांच्या बाबतीत तेच करी. घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी सांगणारं. उपेंद्रने ते काम धाकट्या भावाकडे सोपवलं, इंदिरानगरात बिऱ्हाड केलं आणि सुट्ट्या साठवून स्पिती, लडाख, कच्छ असा सगळा मुलूख दोन चाकांवर पालथा घातला. त्याने नापास केलेली गाडी घेतली आणि पस्तावला नाही, असा माणूस सापडायचा नाही, असं लोक म्हणत. त्याला ते ऐकायला आवडे.

पेठ नाक्यावर मल्हारीचं गॅरेज होतं. तिथे जमणाऱ्या मंडळींनी एक रीत पाडली होती. तिला ते उचलणी म्हणत. नवी गाडी पसंत करण्याआधी तशीच एखाद्याची गाडी मागून आणायची, रिकाम्या पोत्यांवर आडवी निजवायची आणि घेणाऱ्याने ती एकट्याने उभी करायची. उभी झाली नाही तर ती गाडी त्याची नव्हे, मग ती कितीही मनात भरलेली असो. डोंगरात गाडी पडणारच, आणि तिथे हात लावायला कोणी असेलच असं नाही, हा त्यामागचा हिशेब. रीतीचा दुसरा भाग असा की शिफारस करणाऱ्याने आधी स्वतः उचलून दाखवायची. हा भाग उपेंद्रनेच घातला होता. नुसत्या तोंडाने सल्ला देणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता.

दिवाळीच्या आधी केव्हातरी त्याच्या डाव्या हाताची बोटं थरथरू लागली. कारखान्यात माप घेताना तो उपकरण उजव्या हातात घेऊ लागला आणि डावा खिशात ठेवू लागला. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि पार्किन्सनचं नाव घेतलं. गोळ्यांनी आटोक्यात राहील, म्हणाले, पण मोटारसायकलचं आता जपून. हे फक्त त्याची बायको सुधा हिला ठाऊक होतं.

"मल्हारीला तरी सांगा," सुधा म्हणायची. "वीस वर्षांचा दोस्त आहे."

"काय सांगू? की आता माझ्यामागे येऊ नका?"

"तसंच सांगा. काय बिघडलं?"

"सगळंच," तो म्हणे, आणि विषय तिथेच संपे.

फेब्रुवारीत दिशा त्याच्याकडे आली. शेतीऔषधांच्या एका कंपनीत ती नोकरीला होती, दिंडोरीपासून सुरगाण्यापर्यंत द्राक्ष आणि टोमॅटोवाल्यांकडे रोज फिरायची. अंगाने बारीक, उंचीला बेताची, बोलायला तिखट. वडील नव्हते. घरात आई आशाताई आणि ती. जूनमध्ये एकटीने स्पितीला जायचं तिने ठरवलं होतं.

"काका, दोन गाड्यांवर येऊन अडले आहे," ती म्हणाली. "यूट्यूबवर सतरा जण सतरा गोष्टी सांगतात. तुम्ही एक सांगा."

मंडळींपैकी दोघांकडे नेमक्या त्याच गाड्या होत्या. पहिली एका सिलिंडरची, हलकी, उंच सीटची, लांब पायांची. मल्हारीने तिचं नाव उंटीण ठेवलं होतं. दुसरी दोन सिलिंडरची, बुटकी, रुंद, चाळीस-पन्नास किलोने जड. ती म्हैस. शनिवारी दोन्ही गाड्या सटाण्यापर्यंत हायवेवर पळवायच्या आणि रविवारी पेठच्या पुढे दगडधोंड्यांत, असं ठरलं.

शनिवारचा निकाल सोपा होता. नव्वदच्या पुढे उंटीण हँडलमधून मुंग्या आणायची, देवळ्याच्या उघड्या माळावर आडवा वारा सुटला की अंग चोरायची आणि तिची अरुंद सीट पार्श्वभागाला लवकरच नकोशी व्हायची. म्हैस मात्र पाण्यावरून जावी तशी गेली. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकलं की इंजिनाची धग मांडीला लागे, एवढीच तिची खोड. हायवेपुरती म्हैस सरस, यात वाद नव्हता. उपेंद्रचा डावा हातही त्या दिवशी गप्प होता, कारण हायवेवर क्लचचं काम फारसं पडत नाही.

रविवारी ते सावळघाट उतरून पेठच्या पुढे गेले आणि डांबरी सोडून कोरड्या नदीपात्राकडे जाणाऱ्या वाटेला लागले. इथे खरं तर उंटिणीचं राज्य. पुढचं चाक मोठं, पोट उंच, दगडावरून ती पाय टाकल्यासारखी जाते. मात्र एक सिलिंडरची गाडी अशा चढावर अगदी सावकाश न्यायची तर क्लच अर्धा दाबून, दोन बोटांवर तोलून धरावा लागतो. उपेंद्रने तो आयुष्यभर धरला होता. त्या दिवशी बोटं मध्येच सैल पडली आणि गाडी हिसका देऊन बंद झाली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा उतारावर मागे घसरली आणि पाय टेकवून त्याने ती कशीबशी सावरली.

"काय झालं काका?" दिशाने खालून विचारलं.

"क्लच जड आहे हिचा," तो म्हणाला. "आणि खालच्या वेगात दम नाही."

मल्हारीने ती गाडी घेतली आणि तोच चढ गुणगुणत चढून आला. "माझ्या हाती तर बरी चालतेय की, पंत."

"तू ट्रकसारखी रेमटवतोस. तुला काय कळणार?"

"बरं बाबा, आम्ही अडाणी," मल्हारी हसला.

मग दिशा चढली. तिची गाडीही एकदा बंद पडली, नवख्या माणसाची पडते तशी. पण उपेंद्रला तेवढा आधार पुरला. "बघ, तुलाही तेच," तो म्हणाला. तो खोटं बोलत होता असं नाही. दोष गाडीत आहे यावर त्याने त्या क्षणी मनापासून विश्वास ठेवला.

मग तो म्हशीवर बसला. तिचा क्लच लोण्यासारखा मऊ, आणि दोन सिलिंडरांमुळे ती क्लच पूर्ण सोडला तरी चढावर रांगत राहायची. डाव्या हाताला कामच नव्हतं. दगडांवर ती जडपणे आपटत होती, पोट दोनदा घासलं, पण बंद पडली नाही. वर पोचल्यावर उपेंद्रला इतकं हलकं वाटलं की हेल्मेटच्या आत त्याचे डोळे भरून आले. अजून जमतं आपल्याला.

"म्हैस घे," त्याने दिशाला सांगितलं. "डोळे मिटून घे."

मल्हारीने मागून आणलेल्या आपल्या जीपमधून पोती काढली आणि सपाट जागा पाहून अंथरली. "चला, उचलणी. पंत, तुमच्यापासून सुरुवात."

उपेंद्रने पोत्यांकडे पाहिलं. पाठ सीटला लावायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कड्याला, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत जायचं. ही पद्धत त्यानेच सगळ्यांना शिकवली होती. डावा हात जॅकेटच्या खिशात फडफडत होता. गाडी अर्धी उठून हातातून सुटेल आणि सगळे बघतील, हे त्याला लख्ख दिसलं.

"आज राहू दे," तो म्हणाला. "ऊन फार झालंय. आणि पडते ती दुसरी. ही कशाला पडेल?"

"खरंच नको?" दिशाने विचारलं.

"मी सांगतोय ना."

मल्हारीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग पोती गोळा करून जीपमध्ये टाकली.

दिशाने पुढच्याच आठवड्यात म्हैस घेतली. मंडळींना पेढे वाटले. मे महिन्यात स्पितीची तालीम म्हणून दोन्ही बाजूंना सामानाचे डबे भरून ती एकटीच सुरगाण्याच्या डोंगरात गेली. एका कोरड्या ओढ्यात उतरताना गाडी घसरली आणि अगदी हळू आडवी झाली. दिशा बाजूला उभी राहिली, तिला खरचटलंही नव्हतं. डबे काढायचं तिला सुचलं नाही. गॅरेजवर इतरांची उचलणी पाहून शिकली होती तशी तिने पाठ सीटला लावली आणि रेटलं. गाडी गुडघ्याएवढी उठली, तिथेच अडली, मग दिशाचे पाय वाळूत सरकले आणि सगळं वजन घसरत तिच्या डाव्या पायावर आलं. तापलेला सायलेन्सर नडगीला चिकटला. फोनला रेंज नव्हती.

फुलाबाई नावाची बाई जवळच्या झऱ्यावर पाण्याला आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. "हलू नको पोरी," ती म्हणाली, "माणसं बोलावते." तिचा नवरा पुंजा पाड्यावरून चौघांना घेऊन आला. "लय जड हाय," म्हणत त्यांनी बांबू घालून गाडी उचलली. फुलाबाई जीपमधून नाशिकपर्यंत दिशाचं डोकं मांडीवर घेऊन आली. डॉक्टरांनी पाय वाचवायचा पुष्कळ प्रयत्न केला. जखम चिघळली, आणि शेवटी गुडघ्याखालून काढावा लागला.

उपेंद्र हॉस्पिटलात गेला तो त्यानंतर. बरोबर मल्हारी होता, तो बाहेर फोनवर बोलत थांबला. खोलीत आशाताई स्टुलावर बसल्या होत्या. त्या उठल्या, त्याला खुर्ची दिली, "बसा भाऊजी," म्हणाल्या. दिशाचा चेहरा उतरला होता, पण त्याला पाहून ती उशीवर सरकून बसली.

"काका, तुमचीच वाट बघत होते. गिअर डाव्या पायाचा, म्हणजे आता पंचाईत. पण हाताने बदलायचा खटका बसवता येतो म्हणे. कुठल्या गाडीला बसेल? म्हशीला की उंटिणीला?"

उपेंद्र खुर्चीच्या कडेवर टेकला.

"गाडी तुम्ही बरोबर सांगितली होती हं," ती पुढे म्हणाली. "आईला कोणीतरी येऊन काहीबाही सांगून गेलं. मी म्हटलं, काकांचा काय दोष? मीच पाडली."

कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. हे त्याच्याने ऐकवेना. त्याने डावा हात खिशातून काढला आणि चादरीच्या कडेवर ठेवला. हाताबरोबर चादर हलू लागली.

"उंटीण चांगली होती, दिशा. ती माझ्या हाताने बंद पडत होती. हा असा आहे हात."

ती हाताकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"उचलणी का नाही केली?"

"आधी मला उचलावी लागली असती."

आशाताईंनी पदर तोंडाला लावला. दिशा मात्र ठाम आवाजात एकेक विचारत गेली, शेतकऱ्याला फवारणीचं विचारावं तसं.

"मी उंटीण उचलू शकले असते?"

"हो."

"म्हैस?"

"रिकामीही बहुतेक नाही. भरलेली तर नाहीच."

"म्हणजे त्या दिवशी मी फक्त एकदा उचलून बघितली असती..." तिने वाक्य सोडून दिलं. मग तोंड भिंतीकडे केलं. "आई, काकांना लिफ्टपर्यंत सोडून ये."

आशाताई उठल्या नाहीत. उपेंद्र आपणहून बाहेर आला.

मल्हारी दाराशीच उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"सांगितलंत," तो म्हणाला.

"सांगायलाच हवं होतं."

"होय. तुम्हाला बरं वाटलं असेल. तिला काय मिळालं?" मल्हारीचा आवाज चढला, मग नर्स बघते आहे हे पाहून खाली आला. "तिला निदान असं वाटत होतं की आपलं नशीब. आता आयुष्यभर त्या एका दुपारीच अडकून राहणार ती."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही, आणि मीही." मल्हारीने भिंतीला पाठ टेकली. "मी तुमचा हात संक्रांतीलाच पाहिला होता, पंत. चहाचा कप धरताना. त्या चढावर गाडी का बंद पडतेय तेही मला कळत होतं. म्हटलं, चारचौघांत कशाला? माणूस मोडून पडेल. तुमचा मान राखला मी."

आपलं गुपित एवढे दिवस आपल्यापाशी नव्हतंच, हे उपेंद्रला आत्ता कळत होतं.

"तू तिला नको सांगू," तो म्हणाला. "निदान एक माणूस तरी राहू दे तिला."

"आणि तिने मला मल्हारीदादा म्हणायचं, मी हाताचा खटका बसवून द्यायचा, आणि रोज तिच्या तोंडाकडे बघायचं? नाही जमणार."

त्याने तोंडावरून हात फिरवला, दार ढकललं आणि आत गेला. दार आपोआप मिटलं. उपेंद्र बाकावर बसला. आधी मल्हारीचा आवाज आला, मान खाली घालून बोलणाऱ्या माणसाचा. शब्द कळत नव्हते. आणि मग आतून आशाताईंचा आवाज आला, जवळजवळ ओरडल्यासारखा: "तुम्ही दोघंही? दोघंही?"

उपेंद्र उठून उभा राहिला. पण आत जावं, असा तो आता तिथल्या कोणाचाच कोणी लागत नव्हता.