मोहाच्या रानातली हाक

मला अटॅक येऊन गेल्यावर चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांसोबत घरचा अभ्यासही दिला. दुपारी खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, श्वास सावकाश सोडायचा. म्हणाल्या, “मनातली भीती कमी झाली की छातीलाही आराम पडतो.” बोलायला काय जातं! डोळे मिटले की घरात मी आणि माझं काळीज, दोघंच. ते धडधडायचं म्हणून मी घाबरायची, मी घाबरले की ते आणखी धडधडायचं. आग लागो त्या अभ्यासाला!

मालक गेल्यापासून मी एकटीच. मुलगा पुण्याला. रोज फोनवर एकच धोशा, “आई, एकटीनं भेव वाटत असन तं कुलूप लाव अन् चाल इकडे.” पोर मायेनंच बोलायचं. पण त्याच्या चौथ्या मजल्यावर दिवसभर मी करू काय? इथंच राहायचं तर आधी ही भीती घालवणं भाग होतं.

एका दुपारी खुर्ची परसात नेली. शेजारणीनं अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्या वासानं आमचं रान आठवलं. सकाळी मालक आणि मी मोह वेचायला जायचो. वाघाचं रान ते. झाडाआड माणूस दिसेनासं झालं की मी हाक द्यायची, “अजीऽऽ!” तिकडून त्यांचं “होऽऽ!” कितीही कंटाळा आला तरी ‘हो’ द्यायचंच. नाही आलं तर टोपली टाकून धावायचं. ‘हो’ ऐकलं की जीव भांड्यात पडायचा.

अगं बाई, म्हटलं, लांब श्वास सोडणं तर मला येतच होतं! डोळे मिटले आणि हाक दिली, “अजीऽऽ!”

छाती हलकी झाली. पण कान सवयीनं तिकडे लागले. ‘हो’ काही आलं नाही. काळीज पुन्हा धावत सुटलं. ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मग मीच गळा जाड करून म्हटलं, “होऽऽ!”

हसू आलं, मग रडू आलं. पुन्हा हाक दिली, पुन्हा ‘हो’ दिलं. असं करता करता बसल्या जागी डोळा लागला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. “मंग, येतेस ना?”

“नाई रे बापू,” मी म्हटलं. “इथी हाक देल्ली तं ‘हो’ म्हननारं हाय कोनीतरी.”

“कोन म्हनते?” त्यानं विचारलं.

मी गळा जाड करून म्हटलं, “होऽऽ!”