घोकलेले दहा शब्द

शिलाईवालीची शाळा चौथीतच सुटली, पण पाठांतर भलतं पक्कं. गिऱ्हाइकाचं माप एकदा घेतलं की टेप गळ्यात नि आकडे डोक्यात. थोरली बहीणही तशीच होती. थोरलीला अल्झायमर झाला. आता ती धाकटीला "ओ बाई" म्हणते आणि परक्या घरी आल्यासारखी खुर्चीच्या कडेला बसते. पहिल्यांदा शिलाईवाली रडली. पुढे रडू यायचंच थांबलं. दाढ काढल्यावर जबडा बधिर होतो ना, तसं.

मग कळलं, दवाखान्यात एक लस तपासून बघताहेत. मेंदूत गाळ साठतो, तो अंगातल्याच शिपायांनी ओळखून वेळीच उपसावा, असा बेत. पण आठवण शाबूत असेल त्यालाच टोचणार. शिलाईवालीला ती हवीच होती.

पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दहा शब्द सांगितले नि थोड्या वेळाने विचारले. आठ आले. राहिलेले दोन मेले परतताना बसमध्ये आठवले! "तीन आठवड्यांनी पुन्हा बघू," असं बाई म्हणाल्या होत्या. तीन आठवडे शिलाईवालीने मशीनच्या तालावर घोकलं. कंदील, पूल, मांजर, साबण...

"आई, मला स्वप्नातसुद्धा मांजर नि साबण दिसायला लागलेत," सून वैतागली.

"दिसू दे. परीक्षा माझी आहे."

दुसऱ्या खेपेला शब्द निराळेच निघाले. तिने कान देऊन ऐकले. विचारल्यावर मात्र तोंडातून आलं, "कंदील, पूल, मांजर, साबण." चुकतंय हे तिलाही कळत होतं, पण उतारावरची हातगाडी थांबते थोडीच!

"अहो डॉक्टर, आईंनी जुने शब्द घोकले होते!" सून कळवळली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "असेल. पण घोकल्यामुळे चुकलं की आत काही सुरू झालंय, हे आज सांगता यायचं नाही. लशीसाठी नाही घेता येणार तुम्हाला. वेगळी तपासणी करू, तारीख देते."

चूक कशाने झाली, हे शिलाईवालीलाही सांगता आलं नसतं. तिने विचारलं, "टोचली असती, तर थोरलीसारखं झालं नसतं?"

"तेच तर बघायचंय. अजून कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे तुम्हीही अंदाजानेच कापताय."

डॉक्टरीणबाई हसल्या. शिलाईवाली हसली नाही. सुनेने तारखेचा कागद पर्समध्ये ठेवला.

जिन्यात सून हळूच म्हणाली, "आई, फार वाईट वाटतंय का?"

"वाटायला हवं खरं," शिलाईवाली म्हणाली नि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.