पिंपळगावात राहिलेली दाद

बदनापूरहून निघताना बायकोनं माझ्या खिशात वही कोंबली आणि हाताचा पंजा दोनदा खाली दाबून दाखवला. म्हणजे, हळू बोला. कान गेल्यापासून मी किती मोठ्यानं बोलतो हे मला कळत नाही, गावाला मात्र कळतं. आमचं कापडाचं दुकान. मी गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव समोरच्या दुकानातही ऐकू जायला लागला, तेव्हा लेकानं मला गल्ल्यावरून उठवलं.

तीन वर्षांपूर्वी आधी डावा कान गेला, मग उजवा. यंत्र लावून पाहिलं, तर डोक्यात पिठाची गिरणी सुरू. तेव्हापासून मी एकाही गाण्याला गेलो नव्हतो. ऐकू येणार नाही याचं दुःख होतंच, पण खरी भीती वेगळी होती. या भागात माझी दाद नावाजलेली. ‘वाह’ पडायची ती बरोबर समेवर, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगायचो. ती आता भलतीकडे पडली तर लोक हसतील. किंवा हसणार नाहीत, बिचारा म्हणतील. ते तर त्याहून वाईट.

पण पिंपळगाव रेणुकाईहून अंबादासचा निरोप फोनवर आला. अंबादास मिरचीचा शेतकरी, भजनाचा गवई आणि माझा चाळीस वर्षांचा दोस्त. लिहिलं होतं, “शेठ, मंगळवारी देवीपुढं गाऊन राह्यलो. दम पुरत न्हाई आता, हे आखरीचं. तू समोर पाह्यजे.” नाही कसं म्हणणार?

जालन्यापर्यंत रेल्वेनं गेलो, पुढे भोकरदनची एसटी पकडली. शेजारी एक म्हातारी टोपलीभर पेरू घेऊन बसली होती. ती काहीतरी सांगू लागली. मी कानाला हात लावून मान हलवली. तिनं तेच पुन्हा सावकाश सांगितलं, मग माझ्या हातात दोन पेरू ठेवले आणि गप्पा चालूच ठेवल्या. पेरू गोड होते.

मी खिडकीशी डोळे मिटून एक जुनी मैफल काढून बसलो. हा माझा नवा छंद. जालन्यात एका जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) शेडमध्ये भर दुपारी एक बाई गायला आल्या होत्या. निम्म्यात वीज गेली, माइक बंद. बाईंनी तंबोरे पुढे घ्यायला लावले आणि तशाच गायल्या. पत्रा तापून ताडताड वाजत होता, कोपऱ्यात कापसाचा ढीग, आणि त्यात बाईंचा तो मोकळा आवाज. अजून सगळं जसंच्या तसं ऐकू येतं.

डोळे उघडले तर बस रिकामी. म्हातारी नाही, पेरू नाहीत, आणि दारात कंडक्टर दोन्ही हात हलवत उभा. मी वही पुढे केली. त्यानं लिहिलं, “काका, गाडी बंद पडली. समदे दुसऱ्या गाडीत बसले. तुम्ही कामून (का) बसून राह्यले?” मी म्हटलं, “गाणं ऐकत होतो.” त्यानं माझ्या कानाकडं पाहिलं, मला हाताला धरलं आणि दुसऱ्या गाडीत नेऊन बसवलं.

भोकरदनहून पुढे जीप. दोन्ही बाजूंना हिरवी मिरची, वाकून तोडणाऱ्या बाया, रस्त्याकडेला भरलेली पोती. अंबादासच्या घरी ज्वारीची भाकरी आणि वहिनींच्या हातचा ठेचा. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. अंबादासनं लगेच वही ओढली. “अजून गाणं सुरू न्हाई झालं. जल्दी रडू नको.”

दुपारी देवळात गेलो. मला पुढं बसवलं. पखवाजवाल्यानं डाव्या तोंडाला कणीक थापली, टाळकरी उभे राहिले आणि अंबादासचे ओठ हलू लागले. कुठला अभंग ते मला ओठांवरून कळलं. मी मांडीवर हात ठेवून गप्प बसलो. तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच आलो होतो.

पण आमची एक जुनी रीत होती, ती मी विसरलो होतो. अंबादास शेवटची ओळ घोळवायचा आणि माझी ‘वाह’ आली की मगच सोडायचा. आता त्यानं ती ओळ धरली. चारदा, सहादा, दहादा. टाळकरी घामानं भिजले. पखवाजवाला माझ्याकडं बघू लागला. मी खाली फरशीकडं पाहत राहिलो. मग वर पाहिलं, तर अंबादासच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या, छाती भात्यासारखी हलत होती, आणि नजर माझ्यावर. दम पुरत नाही म्हणाला होता, आणि हा मेला ओळ सोडायला तयार नाही.

माझी लाज त्याच्या दमापेक्षा मोठी नव्हती. मी त्याचा ताल धरणारा हात पाहिला, पखवाजवाल्याचा कणकेवर पडणारा पंजा पाहिला, आणि म्हटलं, “वाह!”

किती मोठ्यानं, देव जाणे. शिखरावरची कबुतरं उडाली. अंबादासनं हात जोडले आणि ओळ सोडली.

पाणी पिऊन तो माझ्याजवळ येऊन टेकला. मी विचारलं, “बराबर पडली का?”

त्यानं लिहिलं, “न्हाई. एक मात्रा उशिरा.”

माझं तोंड उतरलं. शेवटी व्हायचं ते झालंच. त्यानं वही परत घेतली. “चाळीस वर्षं उशिराच पडती. म्हणून तर ओळीवर थांबून राह्यतो मी.”

परतीच्या एसटीत मी ती जिनिंगची मैफल पुन्हा काढली. या वेळी माझी ‘वाह’ एक मात्रा पुढे सरकवली. तशीच पडली असणार. तीन वर्षं जी चुकेल म्हणून मी घरात बसून राहिलो, ती कधी बरोबर पडलीच नव्हती, आणि तरी गाणारे तिच्यासाठी थांबले होते. मला एकट्यालाच हसू आलं. शेजारचा दचकला, म्हणजे मोठ्यानं हसलो असणार.

घरी आल्यावर बायकोला वहीचं पान दाखवलं. तिनं वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि खाली लिहिलं, “मला लग्नापासून माहीत आहे. पुढच्या गाण्याला मीही येते.”