आत्याच्या गाड्या

सुनेने कांदे व्हिनेगरमध्ये घालून ठेवले होते. जेवताना तिने बरणीचं झाकण उघडलं, तो आंबूस, नाकात चढणारा वास शीवच्या आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पसरला आणि माझं डोकं फिरलं. कांद्यांचा दोष नाही, सुनेचा तर नाहीच. जुन्या सिनेफिल्मला असाच वास सुटतो. फिल्म म्हातारी झाली की आंबते. आमच्या आत्याच्या फिल्मच्या पत्र्याच्या डब्यांनाही तो येत होता, आणि तेवढ्यावरून ते भंगारात गेले.

आत्या चिंचपोकळीला काकांच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. आपल्या पगारातून तिने एक जुना सिने-कॅमेरा घेतला, किल्ली पिळून चालणारा, मुठीत मावणारा. घरात सगळ्यांना वाटलं, आता बारशी-मुंजी निघतील. त्याही तिने काढल्या, पण तिचा जीव गाड्यांत. रविवारी सकाळी न्हाऊन, ओल्या केसांचा अंबाडा घालून ती मला घेऊन पुलावर जायची. खाली रूळ उन्हात चकाकत असायचे. पुण्याकडून येणारी मेल, परळच्या वर्कशॉपकडे धापा टाकत निघालेलं एखादं वाफेचं इंजिन, कधी न संपणारी मालगाडी. आत्या वाट बघत उभी राहायची आणि गाडी आली की तिचा चेहरा असा काही उजळायचा, की मी गाडी सोडून तिच्याकडेच बघत बसे. येणारेजाणारे पुरुषही थबकायचे. त्यांना बाईच्या हातातला कॅमेरा खुपायचा. एकदा हवालदाराने हटकलं.

"बाई, इथे फोटो काढायला बंदी आहे."

"फोटो कुठे काढतेय? सिनेमा काढतेय," कॅमेऱ्याला लावलेला डोळा न हलवता ती म्हणाली. तो बिचारा गाडी जाईपर्यंत उभा राहिला आणि मग स्वतःच विचारू लागला, की हा सिनेमा लागणार कुठे?

लागायचा आमच्याच चाळीत. गॅलरीत काकांचं धोतर ताणून बांधलं जाई, अख्खा मजला गोधड्या अंथरून बसे. प्रोजेक्टर खडखडू लागला की धोतरावर आधी आमची तोंडं यायची, मग गाड्या. पोरं ओरडायची, "उलटी, उलटी!" मग आत्या रीळ उलटं चालवायची. निघून गेलेली गाडी मागच्या मागे परत यायची, आभाळभर पसरलेला धूर पुन्हा इंजिनाच्या धुराड्यात शिरायचा. आम्ही टाळ्या पिटायचो. काका मात्र कॅमेऱ्याला हात लावायलाही घाबरायचे. बिघडला तर बहीण बोलेल म्हणून. हे मी मुद्दाम सांगते आहे.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. चाळ पाडायला निघाली तेव्हा काकांच्या मुलाने, दादाने, सगळं सामान आवरलं. पुढे त्याची पंच्याहत्तरी दादरच्या एका हॉलमध्ये झाली. आमंत्रणातच लिहिलं होतं, घरातल्या जुन्या फिल्म दाखवणार. मी आनंदाने गेले. दिवे मालवले, पडद्यावर अक्षरं आली, "छायाचित्रण", आणि खाली काकांचं नाव. मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. मग बारशी, मुंजी, दादा घोड्यावर, दादा झोपाळ्यावर, मागे कसलंसं संगीत. संपलं. एकही गाडी नाही. कॅमेरा धरणारा माणूस चित्रात नसतो, म्हणून आत्याही नाही. तिच्या स्वतःच्या सिनेमात तिचा मागमूस नव्हता.

मी दादाला पंगतीतच गाठलं. "गाड्या कुठे गेल्या?"

"अगं, गाड्याच गाड्या होत्या. कोण बघणार? ते डबे कॉम्प्युटरवर घ्यायला दिलेच नाहीत. वास मारत होते, भंगारवाल्याला देऊन टाकले."

"आणि काकांचं नाव?"

"कॅमेरा घरचाच होता ना? वडिलांचं नाव बरं दिसतं. आज कशाला उगाच काढतेस?"

मी उत्तर देणार, इतक्यात कुणीतरी माझा पदर ओढला. आमच्या चाळीतल्या मावशी, आता घोडपदेवला लेकीकडे असतात. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून आलेल्या.

"बाय, संपलां? परत नाय लावचे?" त्यांनी विचारलं. "मी ह्येंका बघूक इलंय गो."

तेव्हा लख्ख आठवलं. मावशींचे यजमान मालगाडीवर गार्ड होते. रविवारी त्यांची गाडी पुलाखालून जायची तेव्हा शेवटच्या डब्यातून ते आत्याला हिरवा बावटा हलवून दाखवायचे. म्हणूनच आत्या शेवटचा डबा जाईपर्यंत बटणावरचं बोट काढत नसे. ते तरुणपणीच गेले. मावशींकडे त्यांचा लग्नातला एक फोटो आहे, पुतळ्यासारखा ताठ. हलणारे, हसणारे ते फक्त आत्याच्या त्या पत्र्याच्या डब्यात होते.

मी मावशींचा हात धरून त्यांना दादासमोर उभं केलं. म्हटलं, "कोण बघणार विचारत होतास ना? या बघणार होत्या. सांग त्यांना तूच."

पंगत थांबली. जिलबी वाढणारा वाढपी ताट हातात घेऊन तसाच उभा. वहिनी पुटपुटल्या, "अहो वन्सं, आजच्या दिवशी तरी…" दादाचं तोंड पडलं. "मला काय माहीत, त्या गाडीत माणूस होता?" तो म्हणाला. मला आजही त्या वाक्याची चीड येते. गाडीत माणूस असतोच, दादा.

दुसऱ्या दिवशी त्याने भंगारवाल्याला शोधलं, हे खरं. काही मिळालं नाही. मग फिल्मची नवी प्रत मोबाईलवर पाठवली, काकांच्या नावाखाली बारीक अक्षरांत आत्याचं नाव घालून. मी ती उघडली नाही.

अधूनमधून मी घोडपदेवला जाते. मावशी चहा टाकायला सांगतात आणि हळूच विषय काढतात. मला आठवतं तेवढं मी सांगते. डब्याच्या दारात एक पाय पुढे टाकून उभे होते, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, वाऱ्याने केस उडत होते.

"हसत होते मां गो?" त्या दर वेळी विचारतात.

मी हो म्हणते. खरं तर आता मला नक्की आठवत नाही, आणि ते बघून सांगायला जगात काहीच उरलेलं नाही. माणसं जातात, इंजिनं मोडीत निघतात, चाळी पडतात. त्याचं दुःख होतं आणि यथावकाश निवतंही. पण कुणीतरी उन्हात उभं राहून राखून ठेवलेलं असतं, ते दुसरा कुणी न बघताच फेकून देतो, त्याचा राग मात्र निवत नाही. निवू नये असंच मला वाटतं. माझ्यानंतर तो धरून ठेवणारंही कुणी नाही.